बदलापूर, विरार, उलवे : मुंबईबाहेरच्या घरांचे भाव नेमके किती वाढले?

कात्रपकर

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात बदलापूर पूर्वेचे आमचे घर विकले. दुय्यम निबंधक कार्यालयात अंगठा देऊन आणि फोटो काढून बाहेर आलो, तेव्हा एजंटाने हातावर पेढा ठेवत सांगितले, "काका, कात्रपचा चौरस फुटाचा दर दोन हजारांवरून नऊ हजारांच्या वर गेला. साडेचार पट झाले!" घर माझे, पैसे माझ्याच खात्यात आलेले, तरी हे साडेचार पट काही मला सापडेनात. म्हणून रविवारी जुनी फाईल काढून हिशेब मांडला. तोच येथे ठेवतो आहे, कारण माझा भाचा आता त्याच रस्त्यावर घर घ्यायच्या विचारात आहे आणि त्याला काय सांगावे हे मला ठरवता येत नाही.

वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. २०१० साली करार १२ लाख ६० हजारांचा झाला. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील आणि दलाली धरून घर साडेतेरा लाखांना पडले. आता ते २९ लाख ५० हजारांना गेले. दुपटीहून जास्त झाले हे खरे, पण पंधरा वर्षांत. चक्रवाढीने पाहिले तर वाढ वर्षाला सव्वापाच टक्क्यांच्या थोडी वर भरते. गळतीचे दुरुस्तीकाम, मालमत्ता कर आणि सोसायटीची वर्गणी यात धरलेली नाही.

ही वाढ दर वर्षी थोडी थोडी अशी झालेलीच नाही, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. आमच्याच मजल्यावरचे, अगदी तेवढेच घर २०१४ मध्ये २१ लाखांना विकले गेले होते, म्हणजे पहिल्या चार वर्षांत वर्षाला साडेतेरा टक्क्यांहून अधिक वाढ. पुढे २०२१ मध्ये खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाने तसेच घर विकले, तेव्हा त्यांना २३ लाख मिळाले आणि तेही चार महिने गिऱ्हाईक शोधल्यावर. सात वर्षांत दोन लाख! त्या काळात महागाई वर्षाला सरासरी साडेचार टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे कागदावर भाव वाढत असताना घराची खरी किंमत घटत होती. त्यानंतरच्या चार वर्षांत तेवीसचे साडेएकोणतीस झाले. चढ, मग लांबच लांब सपाटी, मग पुन्हा चढ, असा हा आलेख आहे. सपाटीच्या सुरुवातीला ज्याने घेतले आणि ज्याला सपाटीतच विकावे लागले, त्याचे व्याजसुद्धा सुटले नाही. आमच्या इमारतीत अशी दोन घरे आहेत.

आता एजंटाच्या साडेचार पटीकडे येतो. २०१० मध्ये बिल्डरने आम्हाला घर ६२० चौरस फूट म्हणून विकले होते. भिंती, जिन्याचा वाटा आणि बाहेरचा पॅसेज असे सगळे धरून ते ६२०. आत टेप लावली तर चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, ४१० चौरस फूट. म्हणजे तेव्हाचा दोन हजारांचा दर होता ६२० वर. समोर नवा बावीस मजली टॉवर होतो आहे, त्यातले टू बीएचके ५६० चौरस फूट चटई क्षेत्राचे असून ५२ लाख सांगतात, म्हणजे सुमारे ९,३०० चा दर, पण तो चटई क्षेत्रावर. जुना दर फुगवलेल्या क्षेत्रफळावरचा आणि नवा दर चटई क्षेत्रावरचा. हे दोन आकडे शेजारी ठेवले की साडेचार पट होतात. माझ्याच घराचा दर चटई क्षेत्रावर काढला तर तेव्हा ३,०७३ होता आणि आता ७,१९५ पडला. म्हणजे सव्वादोन पटीच्या थोडे वर, बस.

भाचा भांडुपला नोकरी करतो आणि मुलुंडला २८ हजार भाडे देऊन राहतो. समोरच्या टॉवरमधले घर जीएसटी, मुद्रांक शुल्क आणि इतर खर्च धरून अठ्ठावन्न-एकोणसाठ लाखांच्या घरात जाईल. ज्यांनी मुंबईबाहेरच्या या पट्ट्यात घरे घेतली, विकली किंवा घ्यायची टाळली, त्यांनी आपापले आकडे येथे द्यावेत अशी विनंती आहे. "लवकर घ्या, भाव वाढणार" हे ऐकून झाले आहे.

मोजपट्टी

धागाकर्त्यांचे आभार. मी मालमत्तांच्या मूल्यांकनाचे काम करतो आणि क्षेत्रफळाचा हा घोळ मला रोज भेटतो. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या स्थावर मालमत्ता कायद्याची अंमलबजावणी मे २०१७ पासून पूर्णपणे सुरू झाली आणि घर चटई क्षेत्रावरच विकण्याचे बंधन आले. त्यामुळे त्याआधीचे आणि नंतरचे दर थेट तुलनेत घेताच येत नाहीत. तरीही कल्याण-कर्जत मार्गावरचे बहुतेक एजंट पुनर्विक्रीची घरे आजही जुन्या क्षेत्रफळावर सांगतात आणि नवी घरे चटई क्षेत्रावर. आपल्या कामाला जो दर सोयीचा, तो काढायचा, एवढेच त्यातले शास्त्र.

दुसरी गोष्ट रोख रकमेची. २०१० च्या सुमारास या पट्ट्यात करारातली रक्कम आणि प्रत्यक्ष मोजलेली रक्कम यांत फरक असणे ही नेहमीची बाब होती. कात्रपकरांनी सगळे चेकने दिले असेल तर उत्तम, पण शेजाऱ्यांचे तसेच असेल असे नाही. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर आणि कर्जाचे प्रमाण वाढत गेल्यावर करारातले आकडे खऱ्याच्या जवळ आले. त्यामुळे नोंदणीच्या कागदांवरून भाववाढ मोजायला गेलात, तर ती खऱ्यापेक्षा जास्त दिसते, कारण सुरुवातीचा आकडाच कमी लिहिलेला असतो.

तरीसुद्धा माझा सल्ला नोंदणीचे कागद पाहण्याचाच आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे, तेथे गाव आणि मिळकत क्रमांक टाकून इंडेक्स-टू पाहता येतो. एखाद्या इमारतीत गेल्या वर्षभरात कोणते घर किती रकमेला गेले, हे त्यात करारातल्या मोबदल्यासह लिहिलेले असते. जाहिरातीतला भाव म्हणजे बिल्डरची इच्छा, इंडेक्स-टू म्हणजे झालेला व्यवहार. भाच्याला समोरच्या टॉवरचे दहा इंडेक्स-टू काढायला सांगा.

टॉवरच्या भावाबद्दल आणखी थोडे. डिसेंबर २०२० मध्ये मुंबईसारखे मोजके भाग वगळून राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आणि नगरपालिकांच्या हद्दीतही अधिमूल्य (सरकारला द्यायची जादा रक्कम) भरून जास्त बांधकाम करता येऊ लागले. चार आणि सात मजल्यांच्या गावात वीस-बावीस मजले आले ते त्यानंतर. जास्त बांधता येते हे कळताच जमीनमालकाने जमिनीचा भाव वाढवला. उंच इमारतीला जास्त लिफ्ट, अग्निशमन यंत्रणा आणि वाहनतळाचे मजले लागतात, तो खर्चही दरात चढला. हा वाढलेला भाव नव्या इमारतीचा आहे. शेजारच्या तीन मजली इमारतीला तो आपोआप मिळत नाही. म्हणूनच कात्रपकरांचे घर ७,२०० ला जाते आणि रस्त्यापलीकडे ९,३०० मागतात.

रेडी रेकनर, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेले मालमत्तांचे किमान दर, तेही पाहा. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने दर वाढवले, तेव्हा मुंबईत सरासरी वाढ ३.३९ टक्के होती, ठाण्यात ७.७२ टक्के आणि उल्हासनगरात सुमारे ९ टक्के. मुद्रांक शुल्क या दराने येणाऱ्या किंवा करारातल्या रकमेपैकी जी जास्त असेल तिच्यावर बसते, त्यामुळे जेथे व्यवहार रेकनरच्या जवळपास होतात तेथे शहराबाहेरच्या खरेदीदाराचा प्रवेशाचा खर्च मुंबईकरापेक्षा वेगाने वाढला.

हिशेबनीस

कात्रपकर, आकडे उत्तम मांडले आहेत, पण एक बाजू राहिली. तुम्ही त्या घरात राहिलात. त्या काळातले वाचलेले भाडे तुमच्या खात्यात जमा धरले पाहिजे. बदलापुरात तीस लाखांच्या वन बीएचकेला साधारण साडेसात हजार भाडे मिळते, म्हणजे वर्षाचे नव्वद हजार, तीन टक्के. तुमच्या सव्वापाचमध्ये हे तीन मिळवा, त्यातून कर, वर्गणी आणि दुरुस्ती वजा करा. मग ते घर वाईट सौदा ठरत नाही. मात्र कर्ज नऊ-दहा टक्क्यांनी काढले असेल, तर फार चांगलाही ठरत नाही.

मी गृहकर्जाच्या विभागात बरीच वर्षे काढली. २०१४ ते २०२० ही सपाटी आमच्याकडे अर्जांच्या गठ्ठ्यांतून दिसत होती. आधी घरे घेणाऱ्यांत गुंतवणूकदार पुष्कळ होते, एकेक जण एकाच इमारतीत तीन-तीन घरे नोंदवायचा. नोटाबंदी, रेरा आणि २०१८ च्या सप्टेंबरात आयएल अँड एफएस ही मोठी वित्तसंस्था बुडाल्यावर बिल्डरांना पैसा पुरवणाऱ्या वित्तसंस्थांची झालेली कोंडी, या तिन्हींनी तो वर्ग बाजूला झाला. मग उरले फक्त राहायला येणारे लोक आणि त्यांच्याकडे पगारापलीकडे काही नव्हते. त्यांना प्रधानमंत्री आवास योजनेच्या व्याज अनुदानाने हात दिला, कमाल २ लाख ६७ हजार रुपये. अल्प उत्पन्न गटासाठी ती सवलत मार्च २०२२ मध्ये संपली. बदलापूर-वांगणीकडची कितीतरी घरे त्या अनुदानाच्या भरवशावर विकली गेली आहेत. पुढे २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या टप्प्यात अनुदान कमाल १ लाख ८० हजार आहे आणि तेही हप्त्यांनी येते.

२०२० नंतरचा चढ मुख्यतः स्वस्त कर्जाचा. मे २०२० ते मे २०२२ रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर) ४ टक्के होता आणि राज्याने सप्टेंबर २०२० पासून मार्च २०२१ पर्यंत मुद्रांक शुल्कही कमी केले होते. त्या वेळी २५ लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता पावणेसात टक्क्यांच्या आत, सुमारे १८,९०० रुपये पडत असे. फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो ६.५ वर गेला आणि त्याच कर्जाचा हप्ता ९.२ टक्क्यांनी २२,८०० झाला. मुंबईत पाच कोटींचे घर घेणाऱ्याला असा फरक सोसतो. अंबरनाथहून लोकलने येणाऱ्याला महिन्याचे ३,९०० जड जातात. प्रत्यक्षात बहुतेक बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली आणि अनेकांना ते दोन वर्षांनी खातेउतारा पाहून कळले. २०२५ मध्ये रेपो टप्प्याटप्प्याने ५.२५ वर आला, तेव्हा ज्यांची मुदत वाढली होती त्यांनी बँकेत जाऊन ती कमी करून घ्यावी, एवढे जाता जाता सांगतो.

आणि भाच्याला ४५ लाखांची रेघ समजावून सांगा. बांधकाम चालू असलेल्या घराचे चटई क्षेत्र ६० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर जीएसटी १ टक्का, त्याच्या वर ५ टक्के. ४४ लाख ९० हजारांच्या घरावर ४४,९०० रुपये, आणि साडेपंचेचाळीस लाखांच्या घरावर २ लाख २७ हजार ५००. म्हणूनच कर्जत मार्गावरच्या जाहिरातींत '४४.९० लाख' हा आकडा एवढा दिसतो. पार्किंग आणि क्लबहाऊसचे पैसे वेगळे दाखवून किंमत रेघेच्या आत ठेवण्याचे प्रकार होतात. नियमानुसार ती रक्कमही किमतीतच धरायची असते. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मिळाल्यानंतर घेतलेल्या घरावर जीएसटी लागतच नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

वसईची_खाडी

मी विरार पश्चिमेला राहते. आमच्याकडे भाव अंतराने ठरत नाही, पाण्याने ठरतो. बोळींजला म्हाडाने हजारो घरे बांधली, किमती बाजारापेक्षा फार वेगळ्या नव्हत्या, आणि सोडतीमागून सोडती निघूनही त्यांतली कितीतरी घरे वर्षानुवर्षे पडून राहिली. मुख्य अडचण पाण्याची होती. सूर्या प्रादेशिक योजनेचे पाणी वसई-विरारला येऊ लागल्यावर चौकशी वाढली. त्या योजनेतून वसई-विरार महापालिकेला रोज १८५ दशलक्ष लिटर आणि मीरा-भाईंदरला २१८ दशलक्ष लिटर पाणी मंजूर आहे. घर पाहायला येणारी माणसे पूर्वी "स्टेशन किती लांब?" असे विचारायची. आमच्या सोसायटीत मागच्या वर्षी आलेल्या जोडप्याने आधी गच्चीवरच्या टाकीचे झाकण उघडून पाहिले आणि नंतर वॉचमनला विचारले की मे महिन्यात टँकर किती येतात. मला ती मुलगी आवडली.

आमच्या भागातल्या स्वस्त घरांबद्दल मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रकल्पासाठी आरक्षित जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती २०२५ च्या सुरुवातीला न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या, अडीच हजारांच्या आसपास कुटुंबे बाहेर पडली. कल्याण-डोंबिवलीतही बनावट परवानग्यांच्या आधारे रेरा क्रमांक मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण उच्च न्यायालयात गाजले. ही घरे घेणाऱ्यांनी पैसे मोजले होते, काहींनी कर्जेही काढली होती. 'विरारला वन बीएचके अठरा लाखांत' असे वाचले की एवढेच समजायचे की उरलेले दहा लाख धोक्याचे आहेत. भाववाढीचे सरासरी आकडे काढणारे अशी घरे आणि मंजुरीची घरे एकाच टोपलीत टाकतात.

मासिकपास

मी गेली एकोणीस वर्षे अंबरनाथहून प्रवास करतो. घरांचे भाव कळायला लोकलचे वेळापत्रक पुरेसे आहे, असे माझे मत आहे.

कल्याणच्या पुढे मार्ग फुटतो, एक फाटा कसाऱ्याला आणि एक कर्जतला. कर्जतच्या फाट्यावर बदलापूरच्या दिशेने दोनच रुळमार्ग आहेत आणि त्यांवरूनच पुण्याकडच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्याही जातात. त्यामुळे गाड्या वाढवायच्या म्हटल्या तरी जागा नाही. बदलापूर मुंबईच्या मुख्य टर्मिनसपासून ६८ किलोमीटर आहे आणि जलद गाडीनेही दीड तासाच्या आसपास लागतो. पण खरी मेख वेगळी. बऱ्याच गाड्या बदलापूरलाच संपतात. पुढे वांगणी, शेलू, नेरळ यांना फक्त कर्जत आणि खोपोलीच्या गाड्या. म्हणून बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये रेल्वेचे अंतर थोडे असूनही घराच्या भावात जी पायरी पडते, ती अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामध्ये पडत नाही. उलट बदलापूरला गाडी सुटते म्हणून बसायला जागा मिळते. आमच्या अंबरनाथची कितीतरी माणसे सकाळी उलटी बदलापूरला जाऊन जागा धरून परत येतात. या बसण्याच्या जागेची किंमत बदलापूरच्या दरात धरलेली आहे, एजंट ती बोलून दाखवत नाही इतकेच.

कल्याण-बदलापूर तिसरा आणि चौथा मार्ग १४ किलोमीटरचा आहे. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोली स्थानक व्हायचे आहे. चिखलोलीच्या आसपासच्या जाहिराती मी इतकी वर्षे वाचतो आहे की त्यांतल्या पहिल्या इमारतींना आता रंग काढायची वेळ आली. त्या घरांचा भाव स्थानकाची घोषणा झाली तेव्हाच चढला. स्थानक येईल तेव्हा पुन्हा तेवढा चढेल असे धरून चालणे मला धाडसाचे वाटते.

९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन भरलेल्या गाड्यांच्या दारांतून माणसे पडली आणि काहींचा जीव गेला. त्या दिवशी आमच्या डब्यात घराच्या भावाबद्दल कोणी बोलले नाही. पण तेरा वर्षांपूर्वी दादरची खोली विकून बदलापूरला आलेला माझा सोबती दुसऱ्या दिवशी एवढेच म्हणाला की, "स्वस्त घेतले म्हणून दारात उभा आहे."

उलवेकर

उलव्याची कथा थोडी निराळी, म्हणून लिहितो. नवी मुंबई विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००७ मध्ये मिळाली, भूमिपूजन २०१८ च्या फेब्रुवारीत झाले, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला आणि प्रवासी विमाने डिसेंबर २०२५ मध्ये उडाली. म्हणजे 'विमानतळापासून दहा मिनिटे' हे वाक्य अठरा वर्षे विकले गेले. मी २०१३ मध्ये घर घेतले आणि पहिली सात-आठ वर्षे भाव जागचा हलला नाही. खारकोपरपर्यंत लोकल २०१८ मध्ये आली, अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल जानेवारी २०२४ मध्ये. माझ्या घराची वाढ झाली ती जवळजवळ सगळी शेवटच्या चार वर्षांत. ज्याने २००८ मध्ये घेतले आणि ज्याने २०२० मध्ये घेतले, त्या दोघांना आज सारखाच भाव मिळतो, पण पहिल्याने बारा वर्षे व्याज भरले.

सेतूबद्दलही सांगतो. मोटारीने एका फेरीला २५० रुपये पथकर, जाऊन-येऊन ३७५. महिन्याचे बावीस दिवस धरले तर ८,२५० रुपये, इंधन वेगळे. वीस मिनिटांत शिवडी हे खरे आहे, पण ते या पैशांनी मिळते. माझ्या मजल्यावरच्या सात कुटुंबांपैकी रोज सेतूने जाणारे एकच आहे आणि त्याची गाडी कंपनीची आहे. बाकी आम्ही बामणडोंगरीहून लोकल पकडतो. तरी आमच्या घरांचा दर मात्र सेतूचा नकाशा दाखवूनच सांगितला जातो.

पनवेल-कर्जत नव्या लोकल मार्गाबद्दल कोणी लिहावे. चौक आणि मोहोपे भागात गुंठ्यांचे भाव त्या मार्गामुळेच चढलेले दिसतात, आणि तेथे लोकल अजून कोणी पाहिलेली नाही.

कात्रपकर

सर्वांचे मनापासून आभार. हिशेबनीस, वाचलेल्या भाड्याचा मुद्दा मान्य आहे. कर्ज पावणेदहा टक्क्यांचे होते, त्यामुळे तुम्ही म्हणता तसे, ना फार वाईट, ना फार चांगले. मोजपट्टी, व्यवहार सगळा चेकने होता, कारण रोख रक्कम आमच्याकडे नव्हतीच.

एक गोष्ट मी मूळ लेखात लिहायची विसरलो, ती पुराची. बदलापूर पश्चिमेला उल्हास नदीच्या बाजूला हेंद्रेपाडा, रमेशवाडी या भागांत २००५ मध्ये आणि २०१९ मध्येही पाणी शिरले. २०१९ च्या जुलैत बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती, ते सर्वांना आठवत असेल. त्यानंतरच्या दिवाळीपर्यंत त्या बाजूच्या तळमजल्याच्या घरांना कोणी विचारत नव्हते. दोन पावसाळे बरे गेले आणि भाव पुन्हा जागेवर आला. पूररेषेच्या निळ्या (वारंवार येणाऱ्या पुराच्या) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या) रेघा नकाशावर तशाच आहेत. भाव ठरवताना त्या कोणी पाहतो असे मला दिसले नाही.

मोजपट्टी

पाहतात, पण बँकेचा मूल्यांकक पाहतो. निळ्या रेषेच्या आतल्या इमारतीला कर्ज नाकारले जाते, तेव्हा खरेदीदाराला ती पहिल्यांदा दिसते. तोपर्यंत त्याने टोकन दिलेले असते.

वसईची_खाडी

कात्रपकर, भाच्याचे काय ठरले ते जरूर कळवा. माझ्या मते त्याने आधी तेथे राहून पाहावे. भाड्याने राहायला साडेसात हजार पुरतात, मग घाई कशाला?

कात्रपकर

तसेच केले. शिरगावला माझा एक मित्र राहतो, त्याच्याकडे भाच्याने बारा कामाचे दिवस काढले आणि बदलापूर ते भांडुप रोज प्रवास केला. घराच्या दारापासून कचेरीच्या दारापर्यंत लागलेला वेळ तो वहीत लिहीत होता. सर्वांत कमी एक तास छत्तीस मिनिटे, सर्वांत जास्त दोन तास बावीस. ठाण्याला गाडी बदलण्यात कधी सहा मिनिटे गेली, तर कधी सव्वीस.

त्याच काळात त्याने समोरच्या टॉवरचे इंडेक्स-टू काढले. ज्या घराचे आम्हाला ५२ लाख सांगितले, त्याच आकाराची सात घरे गेल्या सहा महिन्यांत साडेसेहेचाळीस ते साडेअठ्ठेचाळीस लाखांच्या दरम्यान नोंदली गेली आहेत. ते कागद घेऊन तो विक्री कार्यालयात गेला. तेथल्या मुलाने कागद उलटसुलट करून पाहिले, आत जाऊन आला आणि साडेसत्तेचाळीस म्हणाला, पार्किंग वेगळे. भाच्याने पार्किंगसह एकूण रक्कम लिहून मागितली, तेव्हा साहेब मंगळवारी येतील असे उत्तर मिळाले. त्यानंतर तीन मंगळवार गेले.

सध्या तो ठाकुर्लीला एका बावीस वर्षे जुन्या इमारतीतले पुनर्विक्रीचे वन बीएचके पाहतो आहे. भोगवटा प्रमाणपत्र आहे, अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणे, झालेले आहे, लिफ्ट नाही. मालक ५८० चौरस फूट सांगतात. येत्या रविवारी आम्ही दोघे टेप घेऊन जाणार आहोत.